नोकरी करत एम.एड. करावं का? केलेल्यांनी खरं ते सांगा

खडूचा_तुकडा

नमस्कार मंडळी,

माध्यमिक शाळेत विज्ञान-गणित शिकवते, अकरावं वर्ष चालू आहे. आठवड्याला २८ तास, एका वर्गाची वर्गशिक्षक, शिवाय येतील ते बदली तास. एम.एड.चा अर्ज चार दिवसांपासून अर्धा भरून ठेवलाय आणि पुढे हात चालत नाही.

का करावंसं वाटतंय ते आधी सांगते. गेल्या सत्रात आठवीला घनता शिकवली. वर्गात एक मुलगी आहे, वही नीटनेटकी, उत्तरं चोख. घटक चाचणीत वस्तुमान भागिले आकारमान, एकक, दोन्ही उदाहरणं, सगळं बरोबर. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत काचपात्रातल्या पाण्यात मेणबत्ती सोडली. आडवी तरंगली. बाहेर काढून पुसली, ब्लेडने दोन तुकडे केले, एक मोठा, एक बोटाच्या पेराएवढा, आणि विचारलं, आता काय होईल? तीच मुलगी म्हणाली, "मोठा बुडेल, लहान तरंगेल." अख्खी मेणबत्ती नुकतीच तिच्या डोळ्यांसमोर तरंगली होती! मी लगेच "अगं नाही, घनता तीच राहते ना" म्हटलं, तुकडे पाण्यात टाकले, दोन्ही तरंगले आणि आम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जिला पैकीच्या पैकी गुण दिले तिला घनता कळलीच नव्हती, आणि का कळली नव्हती हे मला सांगता येत नव्हतं. अकरा वर्षांत कुठला पाठ रंगतो आणि कुठला पडतो हे हाताला माहीत झालंय. कारण विचारलं तर मात्र मी गप्प होते. ते कारण शोधायला शिकायचंय.

आता भीती. घरी लहान मूल आहे. वह्यांचे गठ्ठे घरीच येतात. नोकरी सोडणं शक्य नाही. नोकरी करत केलेल्यांनी सांगा, वेळ कुठून काढलात? दूरस्थ बरं की संध्याकाळचे वर्ग? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दोन-तीन वर्षांत वर्गातल्या मुलांचं नुकसान झालं का? त्यांच्या वाट्याचा वेळ चोरून मला पदवी नको आहे.

दुसरी_घंटा

ताई, मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तीन वर्षांत केलं. सांगण्यासारखं बरंच आहे, सुचेल तसं लिहिते.

अर्ज पाठवायच्या आधी मुख्याध्यापकांशी बोला आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी "करा की, चांगलंच आहे" पुरत नाही. माझ्या पहिल्या परीक्षेच्या वेळी रजा मागितली तेव्हा ते तोंडी आश्वासन कुणाला आठवत नव्हतं. दुसरं, शाळेचं वार्षिक वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा. बहुतेक ठिकाणी तुमच्या मुलांच्या वार्षिक परीक्षा आणि तुमच्या परीक्षा एकमेकांना चिकटून येतात. पेपर तपासण्याच्या आठवड्यात स्वतःचा पेपर लिहिणं कसं असतं ते मी दोनदा अनुभवलं.

दूरस्थ की प्रत्यक्ष, याचं एकच उत्तर नाही. दूरस्थ घेतलंत तर पदवीला मान्यता कुणाची आहे आणि पुढे जिथे वापरायची तिथे ती चालते का, हे आधी लेखी विचारा. हजेरीची सक्ती किती आणि मार्गदर्शक कितव्या महिन्यात मिळतो हेही विचारा. मी प्रत्यक्ष वर्ग निवडले ते सोबतच्या माणसांसाठी. आम्ही सगळे दिवसभर उभं राहून आलेले शिक्षक. चर्चा पुस्तकातून सुरू व्हायची आणि दहा मिनिटांत कुणाच्या तरी सहावीच्या वर्गात पोचायची. माझं निम्मं शिक्षण तिथे झालं.

वेळ. रात्रीचा नाद सोडा. पहिले तीन महिने मी नऊनंतर बसायचे. वह्या तपासून झाल्यावर एकच परिच्छेद तीनदा वाचायचे आणि चौथ्यांदा डोळे मिटायचे. मग पहाटे पाच ते सव्वासहा हा वेळ धरला, तो शेवटपर्यंत टिकला. शिवाय आठवड्यातल्या तीन ऑफ तासांना ग्रंथालयात जाऊन बसायचे, कारण स्टाफरूममध्ये बसलं की कुणीतरी बोलतंच. रविवारची दुपार घरच्यांची. तिला हात लावला नाही.

वाचलेल्या प्रत्येक लेखाला वहीचं एक पान द्यायचं. प्रश्न काय होता, कुणावर करून बघितलं, काय मिळालं, मला कुठे शंका आहे. पानाच्या वर पूर्ण संदर्भ. हे मी दुसऱ्या वर्षी सुरू केलं आणि पहिल्या वर्षी वाचलेले साठेक संदर्भ शेवटी पुन्हा शोधत बसले, त्यात दोन आठवडे गेले. संदर्भ साठवून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पहिल्या दिवशी घाला.

आता मुलांच्या नुकसानीचं. झालं, दुसऱ्या वर्षी. वह्या तीन तीन आठवडे पडून राहायला लागल्या आणि परत द्यायचे तेव्हा त्यांवर फक्त गुण असायचे. त्याच सत्रात मूल्यमापनाच्या विषयात रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग वाचला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही, म्हणजे गुण दिसले की शेरा वाया जातो. मी दर आठवड्याला सगळ्या वह्या घेणं बंद केलं. आठच वह्या घ्यायच्या, गुण लिहायचे नाहीत, दोन ओळी लिहायच्या, आणि वर्गात पाच मिनिटं देऊन त्याच वेळी सुधारणा करून घ्यायची. गठ्ठा हलका झाला आणि पालकसभेत एका वडिलांनी आपणहून विचारलं, तुम्ही काय लिहिता ते मुलगा हल्ली मला वाचून दाखवतो. नुकसान झालं ते अभ्यासक्रमामुळेच, आणि भरून निघालं तेही त्यातूनच.

रिकामा_बाक

मी अर्ध्यावर सोडलं. तेही इथे असावं म्हणून लिहितो.

विषय घेतला होता "माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांची गणितविषयक अभिवृत्ती आणि संपादणूक यांचा सहसंबंध". म्हणजे मुलांना गणिताबद्दल काय वाटतं आणि त्यांना गुण किती मिळतात, यांचा संबंध. ऐकायला भारदस्त. बारा शाळा, ४०० मुलं, प्रश्नावली. बारा मुख्याध्यापकांची परवानगी मिळवण्यात एक सत्र संपलं. प्रश्नावल्या वाटायच्या त्या आठवड्यांत पाच शाळांत परीक्षा लागल्या. माझ्या शाळेतून रजा मिळेना. ३१२ प्रश्नावल्या परत आल्या, त्यातल्या कितीतरींवर एका ओळीत सगळीकडे "सहमत" अशा खुणा. मुलांना घाई होती. त्याच सुमारास माझे मार्गदर्शक दुसरीकडे गेले, आणि नवीन आले त्यांना विषयच मान्य नव्हता.

मला आजही सलतं ते पदवी गेल्याचं नाही. त्या दोन वर्षांत मी जी ४०० मुलं शोधत फिरलो त्यांच्यातलं एकही मूल मला ओळखत नव्हतं. माझ्या स्वतःच्या वर्गातली ५२ मुलं माझ्यासमोर रोज बसत होती आणि त्यांना मी त्या वर्षी घाईघाईने शिकवलं.

ताई, तुमच्याकडे मेणबत्ती आहे. तिला सोडून बारा शाळांच्या मागे जाऊ नका.

समास

थोडं वेगळं मत मांडतो. शिकायला पदवीच कशाला हवी?

मी पदवी न घेता वाचतो. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग वाचला. उतारा पुन्हा वाचलेली मुलं आणि उतारा मिटून आठवेल ते लिहिलेली मुलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारी पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारी पुढे. हे वाचल्यापासून माझ्या इतिहासाच्या प्रत्येक तासाची पहिली चार मिनिटं पुस्तक मिटून कालचं लिहिण्याची. शुल्क नाही, हजेरी नाही, मार्गदर्शकाच्या दारात ताटकळणं नाही.

पगारवाढ किंवा बढतीसाठी पदवी हवी असेल तर जरूर करावी, त्यात काहीही कमीपणा नाही. घर चालवणं हेही कारणच आहे. पण "का" शोधायचं असेल तर ते आजच सुरू करता येईल.

दुसरी_घंटा

समास, पगाराबद्दल पूर्ण सहमत. ते कारण लोक लाजून लपवतात आणि मग मधेच दम सुटतो. जे असेल ते स्वतःशी कबूल करावं.

पण एकट्याने वाचताना मला एक गोष्ट कधीच मिळाली नव्हती. "हे कशावरून?" असं विचारणारं माणूस.

उजळणी

बरीच वर्षं लघुप्रबंधांना मार्गदर्शन करतोय, त्यातले बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे शिक्षक. वरचं सगळं वाचलं. रिकामा_बाक यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमची चूक नव्हती. असा विषय मंजूर करणाऱ्यांनी तुम्हाला थांबवायला हवं होतं.

खडूचा_तुकडा, नोकरी आणि पदवी अशी दोन ओझी दोन खांद्यांवर घेऊन निघालात तर दमणार. जी माणसं नीट पार पडतात ती दोन्ही एकत्र बांधतात. त्यांचा अभ्यासाचा विषय त्यांच्याच वर्गातून निघतो, त्यामुळे शाळेत घालवलेला वेळ अभ्यासातही धरला जातो. ही काही पळवाट नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधन हा शब्द वापरला तेव्हा त्यांना याच्या जवळचंच हवं होतं, कृती आणि तिचा अभ्यास एकत्र चालावा, बदल करावा, पुन्हा बघावं. शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये ते शिक्षकाला लावलं. वर्गाचा अभ्यास बाहेरून येणाऱ्याने करून पुरत नाही, शिक्षकाने स्वतः केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना मोठमोठ्या सर्वेक्षणांइतकंच एका वर्गात काय घडलं याचं काळजीपूर्वक केलेलं वर्णन मोलाचं वाटायचं.

आता सावधगिरीचं, कारण स्वतःच्या वर्गात अभ्यास करणं सोपं वाटतं आणि तिथेच घसरायला होतं.

माझ्याकडे दरवर्षी एक तरी आराखडा असा येतो. चाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली १५ मुलं निवडली, त्यांना सहा आठवडे खास तंत्राने शिकवलं, पुन्हा चाचणी घेतली, गुण वाढले, म्हणून तंत्र परिणामकारक. मी विचारतो, काहीच केलं नसतं तर? सगळ्यात खाली असलेल्यांपैकी काही जण त्या दिवशी आजारी असतात, कुणाचं घरी भांडण झालेलं असतं, कुणाला न आलेलेच प्रश्न नेमके आलेले असतात. पुढच्या वेळी ते आपोआप थोडे वर सरकतात. गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हा सरासरीकडचा ओढा दाखवला होता. टोकाची मुलं निवडायची आणि ती मध्याकडे सरकली की श्रेय आपण घ्यायचं, हे करू नका. तुलनेला दुसरी तुकडी घ्या, किंवा तुलना सोडून द्या आणि मुलं काय विचार करतात ते नीट टिपा. दोन्ही चालतं. अर्धवट प्रयोग मात्र चालत नाही.

उत्तरपत्रिका स्वतः तपासणार असाल तर नावं झाकून तपासा, आणि पूर्वचाचणी-उत्तरचाचणी एकत्र मिसळून. रोझेंथाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये छापलेल्या अभ्यासात एका शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं होतं की अमुक मुलं यंदा फुलणार आहेत. ती मुलं खरं तर चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली होती, तरी पुढच्या चाचणीत त्यांचीच प्रगती जास्त दिसली. पुढे त्या अभ्यासाच्या आकड्यांवर बराच वाद झाला, पण आपल्या अपेक्षेने आपली नजर वाकते ही शंका तेव्हापासून कुणी सोडलेली नाही, आणि सोडू नये.

संख्याशास्त्राला घाबरणारे पुष्कळ. तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला ते जड जाणार नाही. एक वर्ग म्हणजे लहान नमुना, आणि लहान नमुन्यांतला फरक केवळ योगायोगाचा आहे का हे तपासणारी टी-चाचणी ज्यांनी दिली ते गॉसेट मद्य बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करत होते. १९०८ मध्ये त्यांनी तो लेख "स्टुडंट" या टोपणनावाने छापला. नोकरी सांभाळून केलेल्या कामातून आलेलं ते साधन आहे, हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगतो.

समास, तुमची चार मिनिटं मला फार आवडली. त्याने फरक पडला हे तुम्ही कसं बघितलंत?

समास

बघितलं नाही. मुलं उत्साहाने लिहितात आणि मला बरं वाटतं, एवढंच हातात आहे. दोन्ही तुकड्यांना मी एकदमच सुरू केलं, त्यामुळे आता मागे जाऊन तुलनाही करता येणार नाही. दुसरी_घंटा यांचा मुद्दा मला आत्ता कळला. पुढच्या घटकाला एका तुकडीत चार मिनिटं लिहिणं आणि दुसरीत चार मिनिटं वाचणं करून बघतो, त्याच्या पुढच्या घटकाला उलट.

मधली_सुट्टी

माझं एम.एड. गेल्या वर्षी झालं. भाषा शिकवते. माझ्या विषयाबद्दल लिहिते, कदाचित उपयोग होईल.

अध्यापनपद्धतीच्या तासाला विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांचं काम वाचायला होतं. १९७० च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि उत्तर आलं नाही की स्वतः बोलतात, किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. ती शांतता तीन सेकंद किंवा जास्त ठेवली तर उत्तरं लांब होतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात, "माहीत नाही" कमी होतं. वाचून वाटलं, मी तर थांबते.

मुख्याध्यापिकांना विचारून एका तासाला फोन टेबलावर ठेवला आणि रात्री कानात घालून, हातात सेकंद मोजायचं घड्याळ धरून ऐकला. ४० मिनिटांत मी ४७ प्रश्न विचारले होते. त्यातल्या बहुतेकांनंतर माझाच आवाज एक सेकंद व्हायच्या आत परत ऐकू येत होता. कवितेतली ओळ वाचून "हे कुणाला उद्देशून आहे?", लगेच "बघा, वरच्या ओळीत आहे", लगेच "आईला, हो की नाही?", आणि वर्ग एका सुरात "होऽऽ". सबंध तासातली सगळ्यात लांब शांतता साडेचार सेकंदांची, तीही डस्टर पडला तो उचलायला मी वाकले तेव्हाची. आणि त्याच शांततेनंतर शेवटच्या बाकावरच्या मुलाचा आवाज आहे, "बाई, ती स्वतःशीच बोलतेय." अख्ख्या तासात तो त्यापूर्वी बोललेला नाही. मी मुद्रण थांबवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्यावर लघुप्रबंध केला. आठ आठवडे, माझाच वर्ग, आठवड्याला एक मुद्रित तास. पहिल्या आठवड्यात मनात एक-दोन-तीन मोजताना जीव घाबरायचा आणि मुलांना वाटायचं बाई रागावल्यात. शेवटी त्यांना सरळ सांगितलं की विचार करायला वेळ देतेय. त्यानंतर ती शांतता त्यांची झाली. एकदा मीच घाई केली तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तीन झाले नाहीत."

रो यांनी दोन थांबे सांगितलेत. पहिला आपल्या प्रश्नानंतरचा, दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. पहिला मला महिन्यात जमला. दुसरा अजूनही हुकतो, कारण मूल बोललं रे बोललं की "बरोबर" किंवा "नाही" तोंडातून निघतंच.

ताई, मेणबत्तीच्या प्रसंगात तुम्ही लिहिलंय, "मी लगेच म्हटलं."

खडूचा_तुकडा

मधली_सुट्टी, ती ओळ मी लिहिली तेव्हा त्यात काही आहे हे मला दिसलंच नव्हतं. तिने एक वाक्य म्हटलं आणि मी तिचं तोंड बंद केलं. तिला असं का वाटलं हे मी विचारलंच नाही.

उजळणी सर, एक शंका. आपल्याच वर्गातल्या मुलांवर अभ्यास करायचा म्हणजे त्यांना प्रयोगाचे उंदीर केल्यासारखं नाही का? मी गुण देणारी, त्यामुळे कुठलं मूल मला नाही म्हणेल?

उजळणी

अगदी हाच प्रश्न आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवा. "मूल नाही म्हणू शकत नाही" हे खरं आहे, म्हणून ते नाही म्हणणं सोपं करणं हे तुमचं काम. पालकांची संमती लेखी घ्या, सोप्या भाषेत, आणि मुलांनाही स्वतंत्रपणे विचारा. संमतिपत्रं तुम्ही गोळा करू नका. गुणांशी संबंध नसलेल्या कुणाला तरी करू द्या, आणि कोण हो म्हणालं, कोण नाही, हे सत्राचे गुण लागेपर्यंत तुम्हाला कळू नये. शिकवणं सगळ्यांना सारखंच. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं बोलणं फक्त तुमच्या लिखाणात येत नाही. नावं बदला, आणि एवढी बदला की वर्गातल्या मुलांनी वाचलं तरी कुणाचं कोणतं ते ओळखू नये. मुद्रणं कधी पुसणार याची तारीख आधीच लिहून ठेवा.

आणि एखादी पद्धत मुलांच्या तोट्याची आहे असं मधेच दिसलं तर थांबायचं. प्रबंध अपुरा राहिला तरी चालेल.

वाटाण्याची_वेल

मी शिक्षक नाही. माझी बायको शिक्षिका, तिने दोन वर्षांत केलं. घरच्या बाजूने दोन शब्द.

आमच्याकडे पहिल्या सहा महिन्यांत खूप खटके उडाले. मी मदत करत होतो असं मला वाटायचं. म्हणजे ती सांगेल ते करायचो. पण सांगण्याचं काम तिच्याकडेच होतं. मुलाचा गणवेश धुतलाय का, उद्या शाळेत काय न्यायचंय, लस कधी आहे, हे सगळं तिच्याच डोक्यात. पुस्तक उघडं असायचं आणि मन तिकडे. एकदा तिने शांतपणे सांगितलं, मला हातांची मदत नको, आठवण ठेवायचं काम घे. मग मंगळवार, गुरुवार आणि शनिवार घर पूर्ण माझं झालं. त्या दिवशी ती मला काही सांगणार नाही आणि मी तिला विचारणार नाही. चुका झाल्या माझ्या, पण तिचा अभ्यास मार्गी लागला.

घरी बोलून घ्या ताई, अर्जाच्या आधी. कामांची यादी करू नका, दिवस वाटून घ्या.

रिकामा_बाक

उजळणी सर, "तुमची चूक नव्हती" हे वाचून बरं वाटलं. इतकी वर्षं दोष माझाच धरून चाललो होतो. सोडलेल्याला पुन्हा प्रवेश घेता येतो का हे उद्या विचारतो. विषय ठरलाय. माझ्या वर्गातली मुलं अपूर्णांकांची तुलना करताना नेमकी कुठे अडकतात.

उजळणी

एक अष्टमांश हा एक षष्ठांशाहून मोठा, कारण आठ सहाहून मोठे, असं म्हणणारं मूल तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल. त्याला दुरुस्त करायची घाई करू नका.

खडूचा_तुकडा

पाच महिन्यांनी परत येतेय. प्रवेश घेतला. संध्याकाळचे वर्ग, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. परवानगी लेखी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार घर माझ्याकडे नाही. पहाट मला जमली नाही, मूल पाचलाच उठतं, म्हणून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एक तास बसते आणि मगच निघते. वह्यांचं आठ-आठचं गणित दुसरी_घंटा यांच्याकडून उचललं, ते चालतंय.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. गेल्या आठवड्यात ती मुलगी प्रयोगशाळेत उपकरणं ठेवायला मदत करत होती. काचपात्र, पाणी, मेणबत्ती समोरच. तिला म्हटलं, तो प्रश्न पुन्हा विचारू का? लाजून म्हणाली, "आता माहितीये, दोन्ही तरंगतात." मी म्हटलं, ते झालं, पण तेव्हा तुला मोठा बुडेल असं का वाटलं होतं? आणि गप्प राहिले. मनात तीन मोजून झाले, पाच झाले, ती नळाकडे बघत होती. मला बोलायचं होतं, ओठ आवळून धरले. मग ती म्हणाली, "अख्खी मेणबत्ती लांब होती ना. झोपली होती पाण्यावर. पाण्याने तिला सगळीकडून धरलं होतं. तुकडा जाड आणि आखूड, त्याला धरायला पाण्याला जागाच कमी. आणि लहानाला धरायची गरजच नाही, तो हलकाच आहे." परत गप्प. मीही गप्प. मग स्वतःच म्हणाली, "पण मग लांब खिळा का बुडतो?"

ही मुलगी चुकत नव्हती, विचार करत होती. पाणी वस्तूला वर धरतं हे तिला माहीत होतं. मी मात्र तिला फक्त भागाकार दिला होता. तिने खिळ्याचा प्रश्न काढला तेव्हा आम्ही तराजू घेतला, मोजपात्र घेतलं. मोठा तुकडा, लहान तुकडा, खिळा, प्रत्येकाचं वजन आणि त्याने वर सरकवलेलं पाणी. मेणाचे तुकडे पाण्याखाली दाबून धरायला टाचणी लागली. भागाकार केला तर मेणाचे दोन्ही तुकडे ०.९ च्या आसपास आले. खिळ्याचा आकडा आठच्या जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पाण्याला हा एवढ्याशा जागेत फार जड पडतो." पाठ्यपुस्तकातली व्याख्या तिने तिच्या शब्दांत मला सांगितली.

आराखडा या महिनाअखेर द्यायचाय. नाव असं लिहिलंय: "घनता या संकल्पनेच्या अध्यापनात विद्यार्थ्याच्या प्रथम प्रतिसादानंतरच्या प्रतीक्षाकाळाची परिणामकारकता". उजळणी सर, बघाल का?

मधली_सुट्टी

खिळ्यापाशी आले आणि डोळे भरले.

उजळणी

बघितलं. "परिणामकारकता" काढा. त्या शब्दाबरोबर तुलनेसाठीचा नियंत्रित गट, पूर्वचाचणी, टी-चाचणी असं सगळं मागे येईल, आणि तुम्हाला ते नकोय. तुम्ही मोजायला निघालेल्या नाही, ऐकायला निघाल्या आहात. "तरंगणं-बुडणं याबद्दल पहिलं उत्तर दिल्यावर थांबून वाट पाहिली तर आठवीतली मुलं पुढे काय बोलतात", एवढाच प्रश्न ठेवा. बारा मुलं पुरेत. प्रत्येकाशी तीन प्रसंग, तीच मेणबत्ती, तोच खिळा. मुलांचं बोलणं शब्दशः उतरवून घ्या, थांबलेले सेकंदही त्यातच लिहा. आणि त्या मुलीचा हा प्रसंग संमतीशिवाय प्रबंधात येणार नाही, तो संमतीच्या आधीचा आहे.

खडूचा_तुकडा

नाव बदललं. तिचा प्रसंग वगळला. संमतिपत्रं ग्रंथपालबाई गोळा करणार आहेत, सोमवारपासून.